कारखान्यातून निघाली तशी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे 'बरे' या शब्दात जेवढं मावतं तेवढे. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामाला आहे? मागच्या पत्रात तू चार ओळी लिहून 'बाकी भेटीत' म्हणून मोकळी झालीस. मला ते जमत नाही. लिहायचं तर माणसानं पूर्ण लिहावं, नाहीतर फोन करावा. (फोन मी मुद्दाम केला नाही. आमचा फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि बाहेरच्या खोलीत आपले तीर्थरूप, म्हणजे अण्णा आहेत. त्यांच्या डोळ्यांना आता उजेड-अंधार एवढंच कळतं, पण कान शाबूत आहेत. किंबहुना सगळा घोटाळा त्या कानांचाच आहे.)

थंडी तोंडावर आली आहे. दर वर्षी या सुमारास मी अण्णांची गाडी गॅरेजात लावतो, चाकांना लाकडी ठोकळे देतो, बॅटरी काढून घरात आणतो आणि हिवाळाभराच्या दुरुस्तीचा आराखडा आखायला बसतो. जुनी गाडी उन्हाळ्यात मिरवायची आणि हिवाळ्यात निस्तरायची असते. मी कुणा मिस्त्रीच्या हाताखाली शिकलो नाही, हे तुला ठाऊक आहे. जे शिकलो ते कंपनीच्या जुन्या पुस्तकातून आणि स्वतःची बोटं चेमटवून. शिवाय माझी सगळी नोकरी दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली. 'साधारण', 'अंदाजे', 'चालतंय की' हे शब्द मी ऑफिसात ऐकून घेत नाही आणि गॅरेजातही नाही. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात मी जे केलं ते अर्धवट केलं असं कुणी म्हणू शकणार नाही. दुर्दैवानं तेच तर नडलं आहे.

गेल्या हिवाळ्यात मी गाडी शेवटच्या स्क्रूपर्यंत खोलली. इतक्या वर्षांत तिच्यात ज्या ज्या तात्पुरत्या सोयी घुसल्या होत्या (आणि अण्णांच्या हातची तात्पुरती सोय म्हणजे कायमचं लग्न, हे तू जाणतेसच) त्या सगळ्या मी उपटून काढल्या. सीटखालची लाकडाची पाचर काढली, दाराच्या झिजलेल्या बिजागऱ्या बदलल्या, राखदाणीच्या सैल झाकणाला नवी स्प्रिंग घातली, गिअरबॉक्स उघडून त्याचं रडगाणं बंद केलं. रंग दिलेले भाग धूळ लागू नये म्हणून जेवणाच्या टेबलावर वाळत घातले. त्यावर तुझी भावजय शेजारणीला सांगत होती, "आमच्याकडे दोन गाड्या आहेत. एक गॅरेजात असते, तिच्यात बसता येत नाही. एक टेबलावर असते, तिच्यामुळे जेवता येत नाही." मी दुर्लक्ष केलं. थोर कामाच्या वेळी घरचे असंच बोलतात. हिवाळा संपता संपता जुन्या गाड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष येऊन तपासून गेले आणि त्यांनी मला चौकटीतलं प्रमाणपत्र दिलं : 'कारखान्यातून निघाली तशी.'

मग वसंतातल्या पहिल्या रविवारी मी अण्णांना तळ्यापर्यंतच्या त्यांच्या नेहमीच्या फेरीला घेऊन निघालो. ते सवयीनं दार वर उचलून, खांद्यात जोर आणून ओढायला गेले. पण दार आता बोटानं उघडतं. ते असं भिरकावलं गेलं की अण्णा जवळजवळ फाटकापर्यंत पोचले. सावरले, आत बसले. मी गाडी चालवली. ताई, लोण्यातून सुरी जावी तशी गेली! मी वाट बघत होतो, आता म्हणतील, मग म्हणतील. तळ्याशी आल्यावर म्हणाले, "छान आहे हो. कुणाची?"

मला वाटलं थट्टा आहे. पण परतताना त्यांनी सीटवर हात फिरवला, उतरताना रुमालानं पायरी पुसली आणि मला म्हणाले, "मालकांना आभार सांग." रात्री जेवताना त्यांनी घास मध्येच थांबवून शांतपणे विचारलं, "आपली विकलीस का? विकली असलीस तर विकली म्हण. मी रागावणार नाही."

ताई, तू अण्णांना ओळखतेस. ते 'रागावणार नाही' म्हणतात तेव्हा त्यांचं रागावणं संपलेलं असतं आणि दुःख सुरू झालेलं असतं. मी त्यांना गॅरेजात नेलं, त्यांचं बोट धरून इंजिनावरच्या कोरीव नंबरावरून फिरवलं. म्हणाले, "नंबर काय, कुणीही ठोकतो." मी प्रमाणपत्र वाचून दाखवलं. तिथे तर मी तोंडावरच आपटलो, कारण ते ऐकून अण्णांची खात्रीच पटली. "कारखान्यातून निघाली तशी?" ते म्हणाले. "मग आपली नव्हेच. आपण तिसऱ्या हातानं घेतली होती." यावर काय उत्तर देतेस?

तेव्हापासून ते त्या गाडीत बसत नाहीत. "लोकांच्या गाडीत एकदा बसावं, सवय लावून घेऊ नये." रविवारची फेरी बंद झाली. तळ्याकाठी त्यांचे मित्र असतात, तेही आता विचारेनासे झाले. दिवसभर बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत बसून असतात. डॉक्टरांनी पाय तपासून सांगितलं, की हा हिवाळा असाच बसून काढला तर पुढच्या वसंतात गाडी कुणाचीही असो, यांना पायरी चढता येणार नाही. मी डॉक्टरांना गाडीचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी माझाही रक्तदाब घेतला.

म्हणून यंदाच्या आराखड्यात दुरुस्ती नाही, नादुरुस्ती आहे. मी जे बिघाड काढले ते सगळे परत बसवायचे. दार जडावलं पाहिजे, म्हणजे आधी वर उचलून मग कंबरेचा धक्का द्यावा लागेल असं. सीटची डावी स्प्रिंग बोचली पाहिजे. गिअर बदलताना गाडी कण्हली पाहिजे. पण इथेच ग्यानबाची मेख आहे. पुस्तकात चांगल्याचं माप दिलेलं असतं, बिघाडाचं नाही. कुठलं बेअरिंग किती घट्ट हवं ते केसाच्या जाडीपर्यंत लिहिलेलं आहे. पण राखदाणीचं झाकण किती सैल असलं म्हणजे ते आपल्याच घरचं वाटेल, याबद्दल कंपनी मौन बाळगते. मी तीन स्प्रिंगा वाकवल्या, दोन कापल्या. एक झाकण इतकं वाजलं की समोरच्या घरातला कुत्रा गॅरेजच्या दाराशी येऊन बसला. (ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाच्या तराजूत एक ग्रॅम खोट चालवून घेतली नाही, त्यानं दारं बंद करून खोट तयार करत बसावं, हा कसला न्याय?)

एक झाकण मात्र बरं जमलं. मागच्या आठवड्यात ते लावून, अण्णांना डॉक्टरांकडे न्यायच्या निमित्तानं मी गाडीत बसवलं. रस्ताभर झाकण वाजत होतं. अण्णा मान तिरकी करून ऐकत होते. माझा जीव टांगणीला. उतरल्यावर म्हणाले, "आवाज चांगला आहे. पण गाडी ठरवून करते आहे." आणि काठी टेकत आत गेले.

तुझी भावजय म्हणते, नाद सोडा आणि त्यांना सरळ पायी घेऊन जा. मी म्हटलं, तळं किती लांब आहे, ठाऊक आहे का? ती म्हणाली, "तुमच्या आराखड्यापेक्षा जवळच असेल." संसारात असे टोले खावे लागतात. असो. काम थंडीभर चालेल. भावजींना नमस्कार सांग, खोकल्याला गरम पाणी द्यावं. प्रकृतीस जप.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : वर लिहिलं ते सगळं खरं आहे, पण त्यासाठी पत्र लिहिलेलं नाही. आठ दिवस येऊन जाशील का? अण्णांचा माझ्या प्रमाणपत्रावर नसेल, पण तुझ्या शब्दावर विश्वास आहे. तू मागच्या सीटवर बस आणि त्यांना सांग की ही आपलीच आहे. मात्र खोटं बोलू नकोस. आधी नीट बसून बघ, आपली वाटली तरच सांग. काल गाडीखाली उताणा पडलो होतो. वर बघितलं तर एकही ओळखीचा डाग दिसेना, सगळं माझ्याच हातचं, चकचकीत. आणि क्षणभर मलाच वाटलं, अण्णा म्हणतात ते खरं तर नसेल? नसली आपली, तरी ये. निदान मला तसं सांगायला तरी ये.

दुसरा ता. क. : पाकीट चिकटवणार तोच बाहेरच्या खोलीतून अण्णांची हाक आली. "मघापासून काय खरडतोयस? मला पेनाचा आवाज येतोय. वाच." वाचलं. पहिल्या नमस्कारापासून ता. क. पर्यंत सगळं वाचलं, दुसरं काय करणार! ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "एवढं लांब पत्र गाडी विकलेला माणूसच लिहितो." मी पाकीट बाजूला ठेवलं. तर पुढे म्हणाले, "आणि दाराला कंबरेनं नाही, गुडघ्यानं धक्का द्यायचा. कंबरेनं देशील तर काच खाली येईल. ते झाकणसुद्धा नुसतं वाजायचं नाही, वळणावर गप्प बसायचं आणि वळण संपलं की पुन्हा बोलायचं. तुला काही आठवत नाही आणि निघाला आराखडे करायला! ताईला येऊ दे. तोवर उद्यापासून माझी खुर्ची गॅरेजात टाक. लोकांची गाडी आपल्यासारखी करायचीच असेल तर नीट तरी कर."

मी 'बरं' म्हणून उठलो. तसं त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं आणि आवाज बारीक करून विचारलं, "पण काय रे, मालकाला विचारलंयस ना?"

मी म्हणालो, "आत्ताच विचारलं. हो म्हणाले."