हालिजाकाकूंचं शेत

४ जून
सप्रीचे मामा आज त्याच्यासाठी मला मागणी घालायला आले. पानाई किती, म्हणजे लग्नासाठी मुलीच्या घरी किती पैसे द्यायचे, असं त्यांनी विचारलं आणि बाबांनी सांगितलं — पंधरा कोटी रुपिया! केळीच्या पानात उकडलेला गोड बारोंगको तसाच राहिला.
आणि हेच बाबा, गावचे इमाम, गेल्या शुक्रवारी मशिदीत सांगत होते — ज्या लग्नाचा भार हलका, त्यात बरकत जास्त. मी पडद्याआडून ऐकलंय.
पाहुणे जिना उतरल्यावर विचारलंच. तर म्हणाले, "तेन्री, तोंडावर नाही म्हणणं बरं दिसतं का? आकडा मोठा सांगायचा. समजायचं ते समजतात."
म्हणजे हा नकार होता! सप्री दुसऱ्याच्या होडीवर कामाला जातो, एवढाच त्याचा गुन्हा.

५ जून
जेवले नाही. आईने हाक मारली, मग तीही जेवली नाही.

१९ जून
मामा परत आले. "कबूल. पैसे ऑगस्टमध्ये." एवढंच!
बाबांचा कप बशीत आपटला. आता मागे फिरले तर गावात तोंड कुठे दाखवणार? मी चुलीपाशी वेड्यासारखी हसत होते.

७ ऑगस्ट
पानाई आली, रेशमी कापडात बांधून. कुठून आली ते आईने सांगितलं — सप्रीच्या आईने, हालिजाकाकूंनी, शेत विकलं. त्यांच्या निकाहात सोंपा म्हणून मिळालेलं, त्यांचं स्वतःचं. बाबा रोज संध्याकाळी मुलींना हेच शिकवतात, की सोंपा ही बायकोची मेहर, तिच्यावर नवऱ्याचाही हक्क नाही.
धावत काकूंकडे गेले. "माझं होतं, मी दिलं. तू आपली मेंदी बघ." घेतलं कोणी, ते काही सांगेनात.

२२ ऑगस्ट
आज निकाह. बाबा होकार विचारायला आत आले. मी म्हटलं, "आधी काकूंचं शेत कोणी घेतलं ते शोधा. याच पानाईतून परत घेऊन द्या."
बाबा म्हणाले, "मीच घेतलंय. स्वस्तात मिळत होतं."
म्हणजे पैसे आमच्याच घरातून गेले आणि रेशमात गुंडाळून आमच्याच घरी आले. शेत बाबांना फुकट!
खाली मांडवात सप्री ताटकळलाय. बाबा दारातच उभे आहेत. मी सांगितलंय — शेताचा कागद काकूंच्या हातात पडला, की होकार देईन.