पहिला कागदी आंबा

मंगळवार, संध्याकाळ

आज चौथीच्या पोरांकडून कागदाचे आंबे करून घेतले. रमिलाचा पहिलाच इतका सुबक झाला की मी तो सरळ भिंतीवर लावला. आदिवासी पाड्यावरची पोरगी, उठून भिंतीपाशी आली. मग म्हणाली, "बाई, पहिला आंबा देवाचा. देवाला दिल्याशिवाय आम्ही खात नाही."

"अगं, कागदाचा आहे!" म्हणून मी हसले. का हसले?

शेवटी काढून दिला. तिने तो दप्तरात जपून ठेवला आणि विचारलं, "बाई, तुमचा पहिला कुठे?"

पोरांना दाखवायला केलेला माझा पहिला चुकला होता, म्हणून मी तो चुरगाळून टोपलीत टाकला होता. शाळा सुटल्यावर शोधून घरी आणला. हे म्हणाले, "कागदनाच शे ना तो?"

कागदाचाच. हात फिरवून सरळ केला, देवापुढे ठेवला. सुरकुत्या काही गेल्या नाहीत.

उद्या रमिला विचारणारच. या वेळी हसणार नाही.