बदली आल्याशिवाय

सोमवार, ३ नोव्हेंबर
बिरवाडीत बस्तान बसलं एकदाचं! खोली लहान आहे, पण खिडकीतून डोंगर दिसतो आणि घरमालकीण काशीबाई पहिल्याच दिवशी भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी घेऊन हजर. पुण्याची कटकट सुटली ती दर्शनामुळे. पोलादपूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तिने तिच्या कंपनीतल्या साहेबांकडे शब्द टाकला आणि मला तिथेच नोकरी लागली. मला ना आई ना बाप, मामाकडे वाढलेली. माझ्यासाठी कुणी शब्द टाकला की डोळे भरून येतात, काय करणार!

कामही माझ्या आवडीचं. कंपनीची हजेरी, साठा, उत्पादन, सगळी माहिती एका सामायिक डेटा मॉडेलमध्ये असते आणि प्रत्येक खात्याची एक्सेल फाइल त्याला जोडलेली. जोडणी तुटली की मी दुरुस्त करायची. शिवाय कोण काय उघडतं, किती वापरतं, यावर लक्ष ठेवायचं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
डिस्पॅच खात्याचे मुरारीभाऊ सकाळपासून कपाळाला हात लावून बसलेले. रिफ्रेश होत नाय, मशीन बिघडलंय म्हणे. मशीनला डोंबल झालंय! गड्याने पासवर्ड बदलला आणि फाइलीत जुनाच ठेवला. नवा घातल्याबरोबर आकडे धडाधड आले. म्हणाले, ताई, तुझ्या हातात जादू हाय. वर स्वतःचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला, पुढच्या वेळी विचारायला नको म्हणून.

इथे सगळ्यांचं हेच. मागितला की पासवर्ड देऊन टाकतात. नाही म्हटलं तर आपल्याच माणसावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं म्हणे. मी चिडून भलंमोठं भाषण ठोकलं. सगळे हसले, दर्शना सगळ्यांत जास्त.

रविवार, ९ नोव्हेंबर
दर्शनाबरोबर सव गावाला गेले. गरम पाण्याच्या कुंडाशी बसून पोटभर गप्पा. मामाकडचे कोण येतात का गो भेटायला, असं तिने दोनदा विचारलं. कोण कशाला येतंय! हिच्याइतकी माझी काळजी कुणीच करत नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
वापराचा अहवाल काढला तर एक नवीनच नाव. हर्षद. रोज दुपारपाळीत नदीकाठच्या पंपहाऊसमधून हजेरीची फाइल उघडतो, रिफ्रेश करतो, बंद करतो. लगेच पुन्हा उघडतो. पंपहाऊसला तर कुलूप आहे.

गेटवरच्या हैबतीकाकांना विचारलं. त्यांनी आधी तंबाखू थुंकली, मग सांगितलं. हर्षद म्हणजे दर्शनाचा भाऊ. दोन हजार एकवीसच्या पुरात पंपहाऊसवर त्याची पाळी होती. बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा प्लँटचा नियम. बदलीवाला नदीपलीकडे अडकला. पोरगा खुर्ची सोडून हलला नाय गो, म्हणाले. पंपहाऊस बुडालं. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत सापडलं, पण बाहेर पडतानाचा हजेरी कार्डाचा पंच झालाच नाही. म्हणून हजेरीत तो अजून आत आहे.

दर्शनाने मला हे कधी सांगितलं नाही, याचं वाईट वाटलं. अहवालाचं काही नाही. जुनं लॉगिन चालू राहिलं असेल आणि एखादी फाइल आपोआप रिफ्रेश होत असेल.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
हर्षदचं लॉगिन बंद करायचं ठरवलं. आधी दर्शनाला सांगितलं, न सांगता करणं बरं नव्हे. ती ढसाढसा रडली. भावाचं नाव मी माझ्या हातानं काढते गो, म्हणाली, तुझा पासवर्ड दे.

दिला. मी, भाषण ठोकणारीने! पण दर्शनाला नाही म्हणायचं म्हणजे काय? जीभच वळली नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर
अहवालात हर्षद नाही. मी आहे. दुपारपाळी, पंपहाऊस, माझं नाव. त्या वेळी मी कँटीनमध्ये होते, मुरारीभाऊ साक्षीला आहेत.

सकाळी गेटवर माझा पंच होईना. हैबतीकाका म्हणाले, ताई, तू मगाशीच आत गेलीस, मी बघितलं. मला वाटलं चेष्टा करतायत, मी हसले. ते हसले नाहीत.

घरी आले तर चपला ओल्या, गाळाने भरलेल्या. कोरड्या रस्त्याने चालत आले मी! नदीवर कशाला गेली होतीस गो, असं काशीबाईंनी विचारलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
हजेरीची फाइल उघडली. हर्षद, बाहेर. बदलीवर आलेली व्यक्ती, श्रुतिका. म्हणजे मी. नोंद करणाऱ्याचं नावही माझंच. गुरुवारची नोंद.

दर्शनाला गाठलं. तिने नाकारलं असतं तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, हर्षद रोज आईच्या उशाशी यायचा. ओलाचिंब. माझी बदली आली काय, एवढंच विचारायचा. गुरुवारपासून येत नाय. आई झोपायला लागली.

मीच का, म्हटलं. म्हणाली, तुझ्या मागं रडायला कोण हाय?

अगं बाई! एवढ्यासाठी नोकरी लावलीस? एवढ्यासाठी सवला नेलंस? केसाने गळा कापलास माझा. आणि मी वेडी, मला वाटलं माझंही कुणी आहे —

बुधवार, १९ नोव्हेंबर
नोकरी गेली खड्ड्यात. पोलादपूरच्या एसटीत बसले. तिकीट काढलं. झोपले नव्हते, शपथ. पापणी मिटली, उघडली —

खुर्ची. पंपहाऊस. समोर संगणक चालू. दाराला बाहेरून कुलूप. फोनला रेंज नाही.

ओरडले. हैबतीकाका आले. फटीतून बघितलं मला. हात जोडले आणि गेले. कुलूप नाही काढलं —

गुरुवार, २० नोव्हेंबर
पाणी. घोट्यापर्यंत. फटीतून दिसतंय, बाहेर कोरडं आहे, मग —

माझं नाव काढायला गेले. निघत नाही. बदलीवाल्याचं नाव मागतंय.

दर्शनाचं टाकलं. जरासुद्धा विचार केला नाही. घेत नाही. कालच्या तारखेचा राजीनामा दाखवतंय, कामगारांच्या यादीत नावच नाही तिचं. सगळं ठरवून —

आता तर माझा पासवर्डही चालेना. बदललाय. तिनेच. दर्शना, तुझं —

गुडघ्यापर्यंत.

पूजा. प्रयोगशाळेतली, नवी मुलगी. परवा तिची फाइल अडली होती, मी सोडवली. न मागता पासवर्ड देऊन गेली. म्हणाली, ताई, तुमच्यावर नाय तर कोणावर विश्वास टाकायचा.

नाही. हे नाही करायचं. मी दर्शना नाही. नाही —

कमरेला. गार, गार —

पूजाला आई आहे. लहान भाऊ आहे. रडायला माणसं आहेत तिच्या —

चालला. तिचा पासवर्ड चालला. बदलीवाल्याच्या नावाचा रकाना उघडला.

वही वर धरलीय. एका हाताने —

पूजा, मला माफ कर गो, मी फक्त पहिलं अक्षर —