मी ओढलेली रेघ

ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

फोनवर माझ्या आवाजावरून तुला लगेच कळतं, म्हणून लिहितेय. आमच्या गोदामात मध्यंतरी फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलायची गाडी, मागे येताना माल लावणाऱ्या एका कामगाराला लागली. गुडघ्याखाली पाय कापावा लागला. अपघात कसा झाला ते चौकशीच्या बैठकीत पडद्यावर दाखवायचं काम साहेबांनी मला दिलं. स्लाइडमधली हलती चित्रं माझ्यासारखी कोणाला जमत नाहीत म्हणाले. मी हरभऱ्याच्या झाडावर किती पटकन चढते ते तुला माहीतच आहे.

गोदामाचा नकाशा काढला, त्यावर फोर्कलिफ्ट आणि एक लाल बाहुला. बाहुल्याने कुठून कुठे सरकायचं ती रेघ आपणच ओढायची असते. अहवालात 'मांडणीकडून दाराकडे' एवढंच होतं. सरळ रेघ ओढली तर बाहुला मालाच्या मांडणीच्या आरपार जात होता, फार वाईट दिसत होतं. म्हणून मी रेघ वळवून फोर्कलिफ्टच्या पट्ट्यातून नेली. तिथून पायी जायला मनाई आहे, हे मला ठाऊक होतं गं. पण डोक्यात फक्त वळण सुबक यावं एवढंच होतं.

त्यात आधीच्या कुठल्यातरी स्लाइडची उसळी बाहुल्याला चिकटून राहिली. धक्का लागला आणि तो चेंडूसारखा टुणटुण उडाला. मागून कोणीतरी फिसकन हसलं, मग बरेच हसले. तो कामगार कुबड्या घेऊन समोरच बसला होता, शेजारी बायको. साहेब म्हणाले पुन्हा दाखवा, आणि मी पुन्हा दाखवलं. तो म्हणाला की मी त्या पट्ट्यातून आलोच नव्हतो. साहेबांनी नुसतं पडद्याकडे बोट केलं. चूक कामगाराची, असं ठरलं. मी तोंड उघडलं नाही. वर शाबासकी घेऊन घरी आले. तेव्हापासून घास उतरत नाही.

भावजींना यातलं काही सांगू नकोस. रागाव, पण उत्तर पाठव.

तुझी
धाकटी


ता. १३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

ह्यांना सांगितलेलं नाही. चष्मा शोधायच्या निमित्ताने पत्राभोवती घिरट्या घालताहेत, घालू देत.

समजूत काढणारं पत्र हवं असेल तर हे ते नव्हे. बाहुला उडाला, ते चुकून झालं. गप्प बसलीस, ते तू केलंस. दोन्ही एकात कालवू नकोस. लाज वाटतेय ते बरंच आहे, पण ती घरात बसून उबवण्यात अर्थ नाही. त्या माणसाकडे जा आणि तो कुठून चालत होता ते त्यालाच विचार. साहेब रागावतील म्हणशील. आई रागावली की पलंगाखाली लपायचीस, आता तिथे मावणार नाहीस.

आणि जेव. तू उपाशी राहून त्याचं काय भलं होणार आहे?

तुझे कान धरायचा हक्क राखून असलेली,
ताई


ता. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेले. त्याच्या बायकोने दार उघडलं, मला ओळखलं, आत घेतलं, पण बस म्हणाली नाही. रेघ मी अंदाजाने ओढली, असं मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की आधी एकदा विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तो भिंतीलगतच्या, पायी चालायच्याच वाटेने येत होता. पट्टा सोडून आली होती ती फोर्कलिफ्ट. फोर्कलिफ्टवाल्याला गाठलं, तर त्यानेही मान खाली घालून तेच सांगितलं. त्याला बैठकीला बोलावलंच नव्हतं.

साहेब ऐकेनात, म्हणून वरच्या मॅडमकडे गेले. बैठक पुन्हा भरली. सगळ्यांसमोर मी माझी चूक सांगितली. मग नवी स्लाइड लावली. धक्का लागायच्या आधीच बाहुला थांबवला. कामगाराला विचारलं, तो म्हणाला की हो, असंच. पहिला निर्णय रद्द झाला. त्याला बसून करायचं काम मिळणार आहे. साहेब आता माझ्याशी फक्त ईमेलवर बोलतात.

नंतर दाराशी त्याची माफी मागितली, बायको शेजारीच होती. तो म्हणाला की निर्णय बदलला ते बरं झालं, पण माझा पाय जाताना हिने तुमच्या पडद्यावर पाहिला आणि लोक हसले, ते हिच्या डोळ्यांपुढून कसं जाईल?  ती पुढे होऊन दाराची एक फळी धरून उभी राहिली. मी दुसरी धरली. तो आमच्या दोघींमधून एकेक पाऊल टाकत बाहेर पडला. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

सुट्टीत येते आहे. ओरडायचं ते ओरड, पण जवळ बसवून.

तुझी
धाकटी