एक पूर्णांक एक किलोमीटर

बाई,

१. सोमवारी सकाळी शिष्यवृत्तीचे एकोणीस अर्ज माझ्याकडे आले. तुम्ही मला जिथं पाठवलंत, त्या आंतरराष्ट्रीय निवासी शाळेचे. शिष्यवृत्तीवर शिकून गेलेल्या मुलींनी आपापल्या भागातल्या अर्जांची पहिली चाळणी करायची, अशी तिथली पद्धत आहे.

२. चाळणीचा एक नियम असा: घर ते शाळा अंतर तीन किलोमीटरपेक्षा कमी असेल तर अर्ज पुढं पाठवायचा नाही.

३. अकरावा अर्ज आपल्या गावच्या शाळेतल्या मुलीचा आहे. ती आमच्याच वस्तीवर राहते. तिनं अंतर लिहिलंय १.१ किलोमीटर.

४. मी तो अर्ज नियमाप्रमाणे बाजूला ठेवला.

५. त्याच संध्याकाळी त्या निवासी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या भिंतीवर लागणारा माझ्याबद्दलचा मजकूर मंजुरीसाठी आला. पहिलं वाक्य: ‘रोज आठ किलोमीटर चालत शाळेत जाणारी मेंढपाळाची मुलगी.’

६. दोघींची वाट एकच आहे.

७. यादी आणि मजकूर, दोन्ही शुक्रवारी दुपारी दोन वाजता बंद होतात. आज बुधवार आहे.

घडलं ते एवढंच. आमच्या प्रयोगशाळेत काही बिघडलं की आधी असंच लिहून काढतात, मत न घालता, म्हणून हात त्याच सवयीनं चालला. तुम्हाला माझं काम माहीत नाही. मी दहावीत असताना तुम्ही गेलात, त्याला आता अकरा वर्षं झाली. वाळूजच्या कारखान्यांमधली मोजमापाची साधनं आमच्याकडे तपासायला येतात. खोलीचं तापमान वीस अंशांवर धरलेलं असतं. साधन किती चुकतं ते आम्ही सांगतो आणि खाली सही करतो. माझी सही दिवसातून तीस-चाळीस वेळा होते, आणि सोमवारपर्यंत ती करताना माझा हात कधी अडला नव्हता. काल एका मायक्रोमीटरचं प्रमाणपत्र मी चार वेळा वाचलं. त्यात चूक नव्हती. पाचव्यांदा वाचलं.

भिंतीवर माझ्याबरोबर आणखी तिघं आहेत. एक उपग्रहांवर काम करते, एक परदेशात सर्जन आहे, एकानं समुद्र पोहून पार केलाय. मी अचूक मापनाच्या एका पद्धतीसाठी मिळालेल्या पुरस्कारामुळं आहे. ‘अचूक’ हा शब्द माझ्या मजकुराच्या तिसऱ्या ओळीत येतो. आठ किलोमीटर पहिल्या ओळीत. मी शाळेच्या कार्यालयात फोन केला. तिथली मुलगी माझ्याहून लहान असावी, फार उत्साही.

“ताई, फोटो मस्त आलाय तुमचा! मजकूर ओके ना?”

“आठ किलोमीटर कुठून घेतलं?”

“तुमच्याच अर्जातून की. मुलाखतीच्या नोंदीतपण आहे, ओढा, कुत्री, सगळं. नव्या मुलींना दरवर्षी वाचून दाखवतात ते. अंतराची अट तर तुमच्यानंतरच आली.”

“माझ्यामुळं?”

“म्हणजे चांगल्या अर्थानं हो, ताई.”

मी बघून सांगते म्हणाले आणि फोन ठेवला.

तो अर्ज कसा भरला ते तुम्हाला आठवत असेल असं धरून चालते. शहरात औरंगपुऱ्यातलं तुमचं घर, रविवार. बापूंनी मला मोटरसायकलवर आणलंय आणि ते उंबऱ्याशी बसलेत, आत या म्हटलं तरी येत नाहीत. तुम्ही ओल्या फडक्यावर धपाटे थापताय. मी जमिनीवर पालथी पडून अर्ज लिहितेय. खोलीत तिळाचा आणि मिरचीचा ठसका भरलाय.

“बाई,” बापू म्हणतात, “ही तिथं राहंल का? हिला वस्तीवरच्या कुत्र्याबिगर झोप येत नाय.”

“मग कुत्र्याचाबी फॉर्म भरू का? धपाटं खावा गप.”

मग तुम्ही मला पुढचा रकाना विचारलात. घर ते शाळा अंतर. मी म्हणाले, एक किलोमीटर.

“नुसतं एक? एक बघून ते लोक पुढचं वाचणारबी नाहीत. सकाळी येतेस. दुपारी धाकट्याला घरी सोडून परत येतेस. संध्याकाळी जातेस. किती झाले?”

“चार.”

“मग बापामागं मेंढरं वळायला जातेस. ते किती?”

“लई.”

“लई म्हणजे किती? चार धर. झाले आठ. लिही.”

“पण बाई, फॉर्मात शाळेचं विचारलंय.”

“लई शहाणी हायेस. माझं तव्यावरचं जळायलंय. लिही आठ.”

मी आठ लिहिलं. बेरीज बरोबर होती, रकाना चुकीचा होता. मला ते तेव्हाच कळलं होतं. कळण्याचं कारणही तुम्हीच होतात. त्याच वर्षी वर्गात मुगाचं रोप वाढवून रोज उंची लिहायची होती. एका शनिवारी मी न मोजताच आकडा लिहिला, आदल्या दिवसाच्या आकड्यात थोडी भर घालून. तुम्ही वही घेऊन रोपापाशी गेलात, मोजलंत, आणि सगळ्या वर्गासमोर म्हणालात, “रोपटं तर कालच मेलंय. तुझ्या वहीत ते वाढतंय कसं?” पोरं महिनाभर मला ‘वहीतलं रोपटं’ म्हणत होती. न मोजता लिहायचं नाही, हे मी तिथं शिकले आणि आजही त्याच्यावरच पोट भरते. म्हणून त्या रविवारचा अर्थ मला कधी नीट लावता आला नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की आकडा बाईंचा होता, मी फक्त लिहिला.

मंगळवारी अर्धा दिवस रजा टाकली आणि स्कूटरवर गावाला गेले. शहराचं नाव बदललंय बाई, तुम्ही गेल्यानंतर, आणि रस्ताही रुंद झालाय. वस्ती तिथंच आहे. मी फाट्यावर स्कूटर लावली आणि आमच्या जुन्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत मोबाइल हातात धरून चालले. एक पूर्णांक एक. परत चालले. तेच. ओढा वाटेत लागत नाही, तो पलीकडून जातो.

फाटकापाशी दोन वेण्यांतली एक मुलगी उभी होती. तिनं मला आधी ओळखलं, कारण शाळेच्या व्हरांड्यात तुमच्या फोटोखाली माझाही फोटो लावलाय. चाळणी करणाऱ्यानं मुलींशी बोलू नये असं सूचनेत लिहिलेलं आहे. मी बोलायला गेले नव्हते.

“ताई, तुमी त्याच व्हय?”

“हो.”

“मी फॉर्म भरलाय. भेटला का तिकडं?”

“भेटला असेल.”

“मी आदी एक लिहिलं व्हतं. मग पप्पाच्या मोबाइलवर मोजलं तर एक पॉइंट एक आलं, मग खोडून नीट लिहिलं. बराबर हाय ना?”

“बरोबर आहे.”

“सर म्हणत व्हते आठ लिही, ताईनंबी आठच लिहिलं व्हतं. मी म्हणलं, सर, रस्ता तर त्योच हाय.” मग तिनं अगदी सरळ माझ्याकडं बघून विचारलं, “तुमच्या टायमाला लांब व्हता का?”

चेष्टा नव्हती ती. रस्ते बदलतात, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, “नाही, एवढाच होता.” तिनं मान हलवली आणि ती आत पळाली, घंटा झाली होती. तिचा बाकीचा अर्ज मी घरी येऊन पुन्हा वाचला. गणितात पैकीच्या पैकी. ‘मला काय व्हायचंय’ या रकान्यात तिनं लिहिलंय, ‘अजून ठरलं नाही, आधी काय काय असतं ते बघायचंय.’ एकोणीस अर्जांत मला पुढं पाठवावासा वाटलेला पहिला अर्ज तोच होता. सोमवारी तो बाजूला ठेवायला मला चार सेकंदसुद्धा लागले नव्हते.

मंगळवारी परतल्यावर मी निवासी शाळेला पाठवायच्या पत्राचा मसुदा लिहिला. ‘माझ्या अर्जातलं अंतर माझ्या शिक्षिकेनं चांगल्या हेतूनं वाढवून सांगितलं होतं. त्यावर बेतलेली अट काढावी आणि अकरावा अर्ज पुन्हा वाचावा.’ वाक्यं स्वच्छ आहेत. खोटं एकही नाही. तुम्ही हयात नाही, तुमचं कुणी काही बिघडवू शकत नाही, माझंही फारसं बिघडत नाही. तरी तो पाठवता येईना. आता उरलेलं लिहिते, कारण ते तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

मुलाखत औरंगपुऱ्यातच होती, एका कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर. जिना चढता चढता तुम्ही थांबलात, दम लागला म्हणून असं मला वाटलं. तुम्ही माझ्या कानाशी वाकून म्हणालात, “हे बघ. अंतराचं विचारलं तर खरं सांग. एकच. त्या दिवशी माझं चुकलं, मी घाई केली. बाकीचं मी आत येऊन सांगते त्यांना.” मी व्हय म्हणाले. मग तुम्हाला बाहेरच थांबवलं. बाकावर माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती, लांबून आलेली, चपला पिशवीत घालून हातात धरलेल्या, पावलांना भेगा. तिनं विचारलं, “तुझी शाळा किती लांब हाय? आमची साडेसहा.” आत गेल्यावर त्यांनी मला तेच विचारलं, आणि मी म्हणाले, आठ. कुणी विचारलं नव्हतं तरी ओढा घातला. कुत्री घातली. बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, “सांगितलंस ना खरं?” मी म्हणाले, सांगितलं. तुम्ही तिथून मला गुलमंडीत नेलंत आणि स्टीलची फूटपट्टी घेऊन दिलीत, खरं बोलल्याबद्दल. शिष्यवृत्तीची जागा एकच होती. ती मुलगी कोण होती ते मला माहीत नाही. गेल्या दोन दिवसांत मी जुन्या याद्यांमध्ये तिला शोधलं, पण नाव विचारलेलं नसलं की शोधायचं काय.

पट्टी माझ्याकडे आहे. मी ती प्रयोगशाळेत तपासलीय, तीनशे मिलिमीटरला चार दशांश जास्त दाखवते. कुणाला सांगितलं नाही.

आता दुसरा मसुदा तयार आहे. त्यात शिक्षिका नाही. त्यात लिहिलंय की मुलाखतीत मला खरं सांगायला सांगितलं होतं आणि मी खोटं सांगितलं, तेव्हा मजकूर भिंतीवरून काढावा, अट काढावी आणि अकरावा अर्ज पुन्हा वाचावा. त्यानंतर ते माझ्याबद्दल काय ठरवतील ते मला माहीत नाही. हे पत्र कुठं टाकायचं ते तर नाहीच माहीत, ते पट्टीच्या खणात राहील. आम्ही गिऱ्हाइकाला मसुदा पाठवतो तेव्हा खाली एक ओळ असते: अमुक वेळेपर्यंत कळवलं नाही, तर मान्य आहे असं धरलं जाईल. तीच ओळ इथं लिहिते. दुसरा मसुदा पाठवू नको असं तुमचं म्हणणं असेल, तर उद्या, गुरुवारी, संध्याकाळी सहापर्यंत कळवा.