सेल नसलेला रिमोट

२ डिसेंबर
नि.च्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी, आज आठवा दिवस. कंपनीत कॉस्टिक सोड्याची पाइपलाइन उघडताना डोळ्यांत उडालं. गॉगल होता, पण कपाळावर. "त्याच्यावर वाफ धरते, काय दिसत नाय," म्हणे. आता दिसतंय का बघ, असं मी तोंडावर बोलले. नवऱ्याला असं बोलतं का कुणी? मी बोलले.
पट्टी जरा उचलून थेंब, दर दोन तासांनी. दर वेळी ओरडतो.

४ डिसें.
कपाटाच्या दारावर याची यादी आहे, पुढच्या वर्षी खेळायच्या गेमची. अपघाताच्या आधी चिकटवलेली. रोज वाचून दाखवायला लावतो, पोथी असल्यासारखी. नवा फुटबॉल. घोड्यावरून डोंगर फिरायचा तो. जहाजाचा. मोटारी चोरायचा, जो येणार येणार म्हणून वर्षं गेली.
आज मुद्दाम एक गाळला. लगेच पकडलं. "घोडा खाल्लास काय गं."

६ डिसें.
प्रवीण आला होता, याच्या शिफ्टचा दोस्त. सरावलीतच राहतो. पपई आणली. दोघं जुनं काढून हसत बसले.
त्याला पाहिलं की माझं डोकं अजून फिरतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी हे दोघं टीव्हीवर फुटबॉल खेळायचे आणि माझ्या हातात तिसरा रिमोट द्यायचे. "निळ्या शर्टातला तू." बेटेगावातून आलेली मी, असलं काही कधी हातात धरलेलं नाही. तीन महिने अंगठे दुखेपर्यंत दाबत होते. गोल झाला की मी उठून उड्या मारायचे. आईला फोनवर सांगितलं होतं, मला जमायला लागलंय म्हणून. शेवटी प्रवीणलाच राहवेना. "वैनी, त्यात सेलच नाय." नि. लादीवर लोळला हसून.
सहा वर्षं झाली. परत हात लावला नाही.

७ डिसें.
आज लावला.
"फुटबॉल लाव. आवाजावर खेळतो, तू सांगत जा." याच्या हातात सेल काढलेला दिला. चालू माझ्या मांडीवर. कुठलं बटण कशाला, ते भाजी निवडता निवडता बघून पाठ आहे, पण अंगठे ऐकेनात. पाच गोल खाल्ले. सांगितलं, तुझ्यामुळे खाल्ले.
"पूर्वी झोपेतपण हरत नव्हतो मी," म्हणाला.
बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. रात्रीची एक भाकरी जास्त गेली.

१० डिसें.
रोज दुपारी एक तास. रोज हरतो बिचारा. "डावीकडे दे रे, डावीकडे... दिला का?" नाही दिला, म्हणते. तुला जमत नाही आता.

१२ डिसें.
मी गोल मारला. खरा, माझा, आयुष्यातला पहिला. ओरडता येईना. याला सांगितलं, समोरच्याने मारला.
"चांगला मारला त्याने," म्हणाला.

१५ डिसें.
पालघरला डॉक्टरकडे. डाव्याची आशा धरू नका. उजव्याचं तीस तारखेला पट्टी काढल्यावर सांगू. मी दोनदा विचारलं, डाव्याचं नक्की का. नक्की.
घरी आल्यावर यादी वाचू का विचारलं, तर "नको." मग म्हणाला, गेम लाव.
आज तरी चालू रिमोट द्यायला हवा होता. हातात घेतलासुद्धा. मग बंदच दिला. का, ते

२१ डिसें.
प्रवीण अचानक आला. एकदा याच्या हाताकडे पाहिलं, एकदा माझ्या. चपला घालताना हळूच, "वैनी, बस आता."
"मला तीन महिने नाचवलंत. तेवढे अजून झाले नाहीत."
मान खाली घालून गेला.

२४ डिसें.
चार-एक जिंकले. याला सांगितलं, तू हरलास.
"शेवटचा कोपऱ्यातून मारलास ना? लोक जास्त ओरडले."
मारलास, म्हणाला. मी रिमोट मांडीवरून खाली ठेवला.
"पंप चालू हाय का बंद, आमी हात लावून सांगतो. बारा वर्षं तेच काम हाय. गोल झाला की रिमोट थरथरतो. ह्यो पहिल्या दिवसापासून मेलेला हाय."
मग बोलला का नाहीस?
"बोललो असतो तर उठून गेली असतीस. दुपारभर एकटा काय करू मी?"
त्याने तेव्हाची माफी मागितली नाही. मी आत्ताची मागितली नाही. थेंबांची वेळ झाली होती, घातले. आज ओरडला नाही.

२६ डिसें.
खेळलो नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला, मी उगाच डबे घासले.

२७ डिसें.
खेळले. तो नुसता बाजूला बसला. "कुठं हाय बॉल?" खरं खरं सांगत गेले. किती मजा येते खरं सांगायला, शी, मला माहीतच नव्हतं.

२९ डिसें.
उद्या पट्टी सुटणार. सकाळची गाडी.
संध्याकाळी म्हणाला, "पुढल्या वर्षी तो मोटारी चोरायचा आला ना, तू खेळ. उजवा गेला तर मी बाजूला बसून ऐकीन."
"आणि उजवा वाचला तर?"
"मग रिमोट माझा. तू चहा कर." हसला. गंमत नव्हती करत, मी ओळखते याला.
देवापुढे दिवा लावला. हात जोडले, डोळे मिटले आणि तशीच उभी राहिले. मागायचं ते ओठावर येईना.
आतून विचारतो, "झालं का मागून?"
झालं, म्हटलं.