'रमत'मधला ह

मंगळवार, संध्याकाळ. कराड.

चार दिवस वही उघडायचं टाळलं. रोज अम्युझमेंट पार्क बंद झाल्यावर तिथल्या दुकानाच्या वरच्या खोलीत मी एकटाच, बोलायला कुणी नाही, तरी लिहिलं नाही. आज राहवत नाही.

आमच्या गिफ्ट शॉपचं नाव 'रमत'. पोरं इथं रमतात म्हणून, असं मी गिऱ्हाइकांना छातीठोक सांगायचो. आज वॉचमन सुबरावतात्या हसले.

"येड्या, रमत न्हवं रं, रहमत! पार्कच्या आधी हितं त्याचा खेळण्यांचा गाडा हुता. दुकानाला तुजं नाव देतो म्हणून मालकानं त्याला हलवला. आमी समदी रमतच म्हणायचो, पेंटरनं तसंच रंगवलं."

एका ह पायी माणूसच पाटीवरून गेला. मला तरी इथं नावानं कोण हाक मारतं? 'ए गिफ्टवाल्या', बास.

उद्या पाटी पुन्हा रंगवणार आहेत. पेंटरला ह घालायला सांगू? मालक हाकलेल. हाकलू दे, मी आजवर कुठल्या नोकरीत टिकलोय? पण मग जाऊ कुठं? मघाशी खाली जाऊन बघितलं. र आणि म मध्ये ह बसतो.

तात्या खालून ओरडतायत, "गड्या, लवकर ये रं! रहमतची लेक आलीया तासगावास्नं. बापाच्या नावाची पाटी बघायची म्हणती."